मधुचंद्र बेटावर: मुंबईहून क्रूझ, की स्वतः आखलेलं अंदमान?

मोगरा:
नमस्कार मंडळी. ३० नोव्हेंबरला माझं लग्न आहे. ठरवून केलेलं, ओळख पाच महिन्यांची. मधुचंद्राला समुद्र हवा यावर दोघांचं एकमत आहे, गाडी पुढे अडली आहे. माझी होणारी नणंद म्हणते, मुंबईहून लक्षद्वीपला जाणारी चार-पाच रात्रींची क्रूझ घ्या. बॅलार्ड पिअरला चढायचं, तिथलं अगत्ती बेट बघायचं, परत मुंबईत उतरायचं. ना विमान, ना हॉटेल शोधणं. माझ्या मनात अंदमान आहे. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, तिथून हॅवलॉक आणि नील ही बेटं. सगळं बुकिंग आमचं आम्ही करायचं. रजा आठ दिवस.

माझं मत सांगून टाकते. क्रूझमध्ये बेटावर पाय टेकतो तो एका दिवसातले काही तास. त्याला बेटावरचा मधुचंद्र म्हणायला माझं मन घेत नाही. पण ताईंचा मुद्दा मला पूर्ण खोडताही येत नाही, म्हणून इथे विचारतेय.

बंदरावरचा वारा:
नणंदेचं ऐका असंच मी म्हणेन. आमचं लग्न होऊन तीन वर्षं झाली. हळद, लग्न, सत्यनारायण, मग जेजुरीला जाऊन जागरण-गोंधळ. पाचव्या दिवशी बायकोचे पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा लागत नव्हता. त्या अवस्थेत पहाटेचं विमान, चेन्नईला बदली, उतरल्यावर टॅक्सी, दुसऱ्या दिवशी फेरीबोटीसाठी पुन्हा बॅगा बांधणं, हे आमच्याच्याने झालं नसतं. क्रूझवर केबिनमध्ये बॅग उघडली ती थेट मुंबईत उतरताना बंद केली.

आणि ज्याला लोक फुकट गेलेला दिवस म्हणतात, नुसता समुद्रातला, तोच आमच्या सहलीतला सर्वांत चांगला दिवस होता. डेकवर दोन खुर्च्या ओढल्या आणि दुपारपासून अंधार पडेपर्यंत बोलत बसलो. फोनला रेंज नव्हती. लग्नाआधीच्या सहा महिन्यांत आम्ही इतका वेळ सलग बोललो नव्हतो. नव्या जोडप्याला हाच वेळ लागतो. बेट बघायला पुढचं आयुष्य आहे.

एकच सांगतो, आतली बिनखिडकीची केबिन घेऊ नका. थोडे पैसे जास्त गेले तरी समुद्र दिसणारी घ्या. जाहिरातीतला दर माणशी असतो, त्यावर कर आणि बंदर शुल्क चढतं, आणि पेयं, स्पा, किनाऱ्यावरची सहल यांचं वेगळं. ते सगळं आधी विचारून घ्या.

प्रवाळ:
वारा यांचा अनुभव मनापासून पटला, निष्कर्ष पटला नाही. मीही जहाजाने अगत्तीला जाऊन आलोय, म्हणून तो दिवस कसा जातो ते जरा जवळून सांगतो.

अगत्तीचा लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआत अडलेलं पाणी, उथळ आहे, मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि लहान बोटींतून तुम्हाला नेतात. सकाळी लाइफ जॅकेट घालून आम्ही गटाचा नंबर पुकारण्याची वाट बघत बसलो. नंबर आला, शिडीपाशी पोहोचलो, बोट लाटेबरोबर वर आली की खलाशी दंड धरून आत ओढणार. मग लगूनमध्ये शिरलो, आणि पाण्याचा रंग गडद निळ्याचा एकदम फिकट हिरवट झाला. तो क्षण मी विसरणार नाही. तळाची वाळू, तिच्यावर पडलेली आमच्याच बोटीची सावली.

आणि त्यानंतर? परतीची वेळ मनगटावर. जेवण ठरल्या वेळी, स्नॉर्कलिंग ठरल्या वेळी, एका ठिकाणी आम्ही शेकड्याने माणसं. अगत्ती सात-आठ किलोमीटर लांब आणि इतकं चिंचोळं, की दक्षिण टोकाकडे रस्त्यावर उभं राहिलं तर दोन्ही हातांना समुद्र. त्या रस्त्याने संध्याकाळी चालायची माझी फार इच्छा होती. संध्याकाळी आम्ही पुन्हा जहाजावर होतो, रांगेत, जेवणाच्या काउंटरपाशी.

पुढच्या वर्षी नीलला तीन रात्री राहिलो. सपाट बेट, भाड्याची सायकल पुरते. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती, भाजीचे मळे, केळी. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकू सकाळी विचारायच्या, आज ओहोटी कधी आहे माहीत आहे ना? नैसर्गिक पूल म्हणतात ती खडकाची कमान बघायची तर ओहोटीलाच जावं लागतं. तिसऱ्या दिवशी आमचं घड्याळ सुटलं आणि आम्ही भरती-ओहोटीवर चालायला लागलो. जहाजावर हे होत नाही. मोगरा, तुझं मन जे सांगतंय ते बरोबर आहे.

पाटीपेन्सिल:
अंदमानला +१. हॅवलॉकचा राधानगर किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, सूर्यास्त तिथेच बघा. फक्त लवकर निघा, डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. घड्याळ आपलं असलं तरी बेटं फार पूर्वेला आहेत. मुंबईच्या हिशेबाने सहाला निघालात तर काळोख मिळेल.

आजोळ मालवण:
इथे 'क्रूझने लक्षद्वीप' आणि 'स्वतः अंदमान' अशी तुलना चाललीय, त्यात एक गोष्ट राहून जातेय. लक्षद्वीपला स्वतः जाणंही मनात येईल तसं जमत नाही. भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो आणि राहण्याची सोय आधी ठरलेली असावी लागते. विमान मुख्यतः कोचीहून अगत्तीला, जहाजंही कोचीहून. सगळी मिळून ३६ बेटं, त्यातल्या फक्त १० वर वस्ती, एकूण जमीन ३२ चौरस किलोमीटर. बंगाराम सोडलं तर दारूबंदी. वस्तीच्या बेटांवर अंगभर कपडे घालावेत, तिथल्या लोकांना ते आवडतं.

मला मोठ्या जहाजांबद्दल वेगळीच काळजी वाटते. या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. वाळूखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो, विहिरी त्याच्यावर. राजधानी कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारावा लागला तो यासाठीच. अशा ठिकाणी एका सकाळी शेकडो माणसं उतरवणं मला बरं वाटत नाही. प्रवाळावर उभं राहून फोटो काढणारेही त्यातच असतात.

बंदरावरचा वारा:
@आजोळ, प्रवाळावर उभं राहणाऱ्यांबद्दल पूर्ण सहमत. पण पाण्याचं उलटं बघा. जहाजावरचा माणूस झोपतो, आंघोळ करतो जहाजावर. बेटावर रिसॉर्टमध्ये राहणारा दिवसाला दोनदा अंघोळ करतो ती बेटाच्या पाण्यावर. ताण कोणाचा जास्त?

@मोगरा, नोव्हेंबर-डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा काळ. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नीलवर पर्यटक अडकले होते, फेऱ्या बंद, शेवटी नौदलाने जहाजं पाठवून बाहेर काढलं. रजा आठच दिवस असताना हा धोका डोळ्यांआड करू नका.

आजोळ मालवण:
@वारा, पाण्याचा मुद्दा मान्य. मी त्या बाजूने विचार केला नव्हता. गर्दीचा मुद्दा सोडत नाही.

प्रवाळ:
@वारा, समुद्र खवळला तर तुमच्या जहाजाचंही बेट चुकतं. लहान बोटी सोडता येत नाहीत, मग अगत्ती लांबूनच बघायचं. अंदमानात एक फेरी रद्द झाली तर सहसा दुसऱ्या दिवशी दुसरी असते. एकच करायचं: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्येच मुक्काम ठेवायचा. ती संध्याकाळ सेल्युलर जेलला द्या. पाकळ्यांसारख्या पसरलेल्या सात इमारतींपैकी तीनच आज उभ्या आहेत. सावरकर बंधूंची नावं लहानपणापासून ऐकतो आपण, पण त्या कोठडीच्या गजांना हात लावल्यावर आत काहीतरी हलतं. मधुचंद्रात कुठे हे, असं बायको म्हणाली होती. बाहेर येताना तीच बोलत नव्हती.

गोधडी:
दोन्हीकडची मतं वाचली. माझ्या मुलीचं लग्न गेल्या वर्षी झालं, त्या अनुभवावरून बोलते. मोगरा बाळा, तू क्रूझ आणि फेरी यांची तुलना केलीस, नणंदेचं मत सांगितलंस, स्वतःचं सांगितलंस. ज्याच्याबरोबर जायचं आहे त्याचं मत अख्ख्या लेखात नाही. तो काय म्हणतो? आणि ताईंना नाही म्हणायचं झालं तर ते काम त्याचं, तुझं नव्हे. पहिल्याच महिन्यात ते ओझं अंगावर घेऊ नकोस.

मोगरा:
गोधडी काकू, तुमचं वाचून खरंच चपापले. काल संध्याकाळी त्याला सरळ विचारलं, तुला काय हवंय? बराच वेळ टाळलं त्याने. मग म्हणाला, मला गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्येसुद्धा उलटी होते. ताईला माहीत आहे, म्हणून ती मोठं जहाज म्हणतेय. पाच महिन्यांत मला हे माहीत नव्हतं! मी आपली हॅवलॉक, नील, फेऱ्यांची वेळापत्रकं पाठवतेय, आणि तो प्रत्येकाला होकाराचा अंगठा पाठवतोय.

बंदरावरचा वारा:
मग तर क्रूझच. मोठं जहाज कमी हलतं, त्याला स्थिर ठेवणारे पंख असतात, आणि मधल्या भागातली खालच्या मजल्यावरची केबिन घेतली तर फारसं जाणवत नाही. अंदमानच्या खासगी फेऱ्या म्हणजे कॅटमरान, जोडतळाच्या वेगवान बोटी, तिथे बंद काचेआड बसून लाटा खाव्या लागतात.

प्रवाळ:
फारसं जाणवत नाही, पण जाणवलं तर चार रात्री उतरता येत नाही. हॅवलॉकची खासगी फेरी दीड तासाची. दीड तास कोणीही काढतो.

मोगरा:
आम्हीही याच मुद्द्यावर थांबलो. अंदमान, पण नील रद्द. हॅवलॉकला सलग चार रात्री, म्हणजे येण्याजाण्याच्या दोनच फेऱ्या, आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअर. नील सोडताना वाईट वाटलं, प्रवाळदादा, तुमच्या काकूंची ओहोटी डोक्यात बसली होती. ताईंशी तो स्वतः बोलला. त्या म्हणाल्या, गोळ्या मी देते बांधून.

आता एवढंच सांगा, फेरी सकाळची घ्यावी का दुपारची? आणि बसायचं कुठे?

पाटीपेन्सिल:
सकाळची पहिली. वारा सहसा दुपारनंतर वाढतो. जागा मधली, शक्यतो मागच्या बाजूची, सर्वांत पुढची मुळीच नको. गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास, डॉक्टरांना विचारून. पोट रिकामं नको, तेलकटही नको. आमच्या घरी आलेपाक ठेवतात जिभेखाली.