व्ही.३५ राउटर एटीएम स्विचला जोडतोय, पीव्हीसी घेत नाही

फोंडेकर: नमस्कार मंडळी. फोंड्याला आमच्या प्रयोगशाळेत मुलांना शिकवायला जुना एटीएम स्विच (पैशांचं मशीन नव्हे, माहिती ठरावीक मापाच्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे सेलमध्ये, पाठवणारं नेटवर्क तंत्र) पुन्हा उभा करतोय. राउटरला फक्त व्ही.३५ सिरियल पोर्ट, म्हणून मध्ये एडीएसयू (राउटरच्या फ्रेमचे एटीएम सेल करणारं यंत्र) बसवला आणि एनकॅप्सुलेशन एटीएम-डीएक्सआय (राउटर आणि एडीएसयूमधली बोलण्याची पद्धत) दिलं. लाइन अप आहे, पण राउटर ०/१०० ही पीव्हीसी (कायम ठरवून दिलेली आभासी जोडणी; पहिला आकडा व्हीपीआय, दुसरा व्हीसीआय) घेतच नाही. काल पावसात लाइट गेली, आल्यावर सगळं परत लावलं. तेच. केबल बदलून बघू का?

मांडवीकाठ: केबलला हात लावू नका, अडचण १०० या आकड्यात आहे. डीएक्सआय मोड १ए मध्ये पत्त्याला १०च बिट मिळतात: व्हीपीआयला ४, व्हीसीआयला ६. म्हणजे व्हीसीआय ६३च्या वर जात नाही, आणि ३१ पर्यंतचे राखीव. स्विच आणि राउटर दोन्हीकडे ०/४० करा.

मुलांना एक गणित जरूर घाला. राउटर पूर्ण फ्रेम देतो, तुकडे एडीएसयू करतो. ४० बाइटचं पॅकेट, त्यात एएएल५चा (पॅकेटचे सेल करायच्या पद्धतीचा) शेवटी लागणारा ८ बाइटचा ट्रेलर, झाले ४८, बरोबर एक सेल; ५ बाइटचं हेडर धरून सेल ५३चा. स्नॅपचे (आत कोणता प्रोटोकॉल आहे ते सांगणाऱ्या हेडरचे) आणखी ८ आले की दोन सेल, म्हणजे तारेवर १०६ बाइट! मला हे अजून सुंदर वाटतं.

कुळागर: दोन्ही टोकांना स्नॅप तरी ठेवा, नाहीतर मक्स (ते हेडर न लावायची पद्धत) तरी. एकीकडे हे, दुसरीकडे ते असलं की लाइन अप राहते आणि पिंग जात नाही. माझे दोन दिवस त्यात गेले होते.

फोंडेकर: ०/४० वर पिंग लागला! देव बरें करूं. उद्या वर्गात फळ्यावर आधी ४८चं गणितच मांडतो.