ड्राइव्ह सुरू होताच दोन बोर्डांमधला इन्फ्रारेड संवाद बिघडतो

प्रश्न:
फिरत्या टेबलावरच्या सेन्सर-बोर्डाकडून खालच्या स्थिर कंट्रोल-बोर्डाकडे मी इन्फ्रारेडने डेटा पाठवतो. अंतर जेमतेम 40 सेंमी, एलईडी 940 नॅनोमीटरचा, रिसीव्हर 38 किलोहर्ट्झचे तीन पायांचे मॉड्यूल आणि यूआर्टचा (बाइट एकेका बिटाने क्रमाने पाठवण्याची पद्धत) वेग 2400 बॉड, म्हणजे सेकंदाला 2400 बिट. कामाच्या टेबलावर तासन्‌तास एकही चूक होत नाही; यंत्रावर बसवून मोटरचा व्हीएफडी (तिचा वेग बदलणारा ड्राइव्ह) सुरू केला की काही बाइट गळतात, काही भलतेच येतात. एलईडीचा प्रवाह दुप्पट करूनही उपयोग झाला नाही.

उत्तर 1:
गडबड प्रकाशातून शिरते की तारांतून, हे आधी ठरवावे. एलईडी बंद ठेवून रिसीव्हरवर जाड पुठ्ठ्याची टोपी घालावी (काळे प्लास्टिक नको, डोळ्याला अपारदर्शक वाटणारे कित्येक प्रकार इन्फ्रारेड आरपार जाऊ देतात) आणि व्हीएफडी चालू करून आउटपुट ऑसिलोस्कोपवर पाहावे. तरीही खोटे पल्स आले, तर व्यत्यय विजेचा आहे. टोपी काढल्यावरच आले, तर वरचे दिवे तपासावेत. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबलाइट अनेकदा याच वारंवारतेच्या आसपास चालतात.

प्रश्नकर्ता:
टोपी असतानाही पल्स दिसले. रिसीव्हरच्या पायांना अगदी लागून 100 ओहमचा रोध आणि 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, आउटपुटला 4.7 किलोओहमचा पुल-अप (आउटपुट पुरवठ्याकडे ओढून धरणारा रोध) दिला, आणि भलते बाइट जवळपास थांबले. गळती मात्र तशीच आहे.

उत्तर 2:
गळणाऱ्या बाइटमध्ये शून्यांची रांग असते का, हे पाहावे. 2400 बॉडला एका बिटात कॅरिअरची (एलईडीच्या 38 किलोहर्ट्झच्या लुकलुकीची) सुमारे 16 आवर्तने बसतात, ती पुरेशी आहेत. पण शून्य बिटाला कॅरिअर चालू असतो, त्यामुळे पूर्ण शून्य बाइट पाठवला की स्टार्ट बिटासह नऊ बिट, म्हणजे सुमारे 142 आवर्तने, खंड न पडता जातात. ही मॉड्यूल रिमोटच्या तुटक स्फुरणांसाठी घडवलेली असल्याने इतका सलग संकेत त्यांना दिव्याच्या गोंगाटासारखा वाटतो आणि ती आपली संवेदनशीलता आपणहून उतरवतात. यूआर्ट सोडून सेकंदाला 1200 बिटांनी मँचेस्टर कोडिंग (प्रत्येक बिटाच्या मध्यावर संकेत बदलणारी पद्धत) केल्यास सलग स्फुरण 32 आवर्तनांपुढे जात नाही. शेवटी सीआरसी (चूक ओळखण्यासाठीचा तपासणी-अंक) जोडावा. एखादी फ्रेम (एकत्र पाठवलेला बाइटांचा गट) बिघडणारच, ती निदान ओळखता यावी.

प्रश्नकर्ता:
अंदाज बरोबर निघाला. कामाच्या टेबलावर मी चाचणीसाठी अक्षरांची ठरावीक ओळ पाठवत होतो. खरी मापे मोटर फिरू लागल्यावरच जातात, आणि त्यांचा वरचा बाइट बहुतेक वेळा शून्य असतो. म्हणजे दोन वेगळे दोष मी एकाच ड्राइव्हच्या माथी मारत होतो. मँचेस्टरचा कोड लिहायला घेतला आहे.