रोज रोज तंबू हलवू नका
तीन आणि सहा वर्षांची पोरं घेऊन शिकागो ते यलोस्टोन नॅशनल पार्क महिनाभर तंबूत, जमेल का असं विचारलंयत ना, जमतं, आम्ही केलंय, फक्त रोज नवा मुक्काम हा प्लॅन आधी फाडून टाका. तंबू लावण्या-काढण्यातच जीव जातो आणि पोरं तोवर चिखलात. एका जागी तीन-चार रात्री तरी हव्यात, म्हणजे आधी वाटेतल्या साउथ डकोटातलं बॅडलँड्स, मग तिथलेच ब्लॅक हिल्सचे डोंगर आणि यलोस्टोनला चांगला आठवडा, कारण आतला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा रस्ताच १४२ मैलांचा आहे आणि मधे बायसन आडवे आले की बसा गाडीत. जुलैतही रात्री तिथे कडाक्याची थंडी पडते, आमच्या धाकटीने कानटोपी घालून पोहे खाल्लेत सकाळी! जेवण झालं की भांडी, कूलर, अगदी टूथपेस्टसुद्धा गाडीत नाहीतर अस्वलासाठीच्या लोखंडी पेटीत, तंबूत बिस्किटाचा पुडा पण नको. आणि हो, पाच-सहा रात्रींनी एकदा मोटेल घ्याच, कपडे धुवायचे, गरम पाण्याने आंघोळ करायची, त्यात कसला आलाय कमीपणा. पार्कमधल्या तंबू लावायच्या जागा मात्र आत्ताच बुक करा, उन्हाळ्यातल्या फार लवकर जातात.