मदत हवी आहे : साताऱ्यातल्या उपवासकाळाच्या घरसभांसाठी

सर्वांना जय ख्रिस्त. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार वगळून 40 दिवस. त्यात दर शुक्रवारी संध्याकाळी घरसभा, विषय कृपा आणि नवं हृदय. आधार बायबलमधलं स्तोत्र 51, पश्चात्तापाची प्रार्थना. वचनं 19च, पण घाईत वाचलं की फक्त 'धुऊन काढ' तेवढं लक्षात राहतं. म्हणून 1-2 दया, 3-6 कबुली, 7-12 शुद्ध हृदय, 13-17 भग्न हृदय असे चार शुक्रवार धरलेत. पाचव्याला लूक 19, म्हणजे श्रीमंत जकातदार जक्कयाची गोष्ट.

अडचण नेमकी इथे आहे. उपास मोजले की लोकांना क्षमा कमावल्यासारखी वाटते. इफिस 2:8-9 (तारण कृपेने, कर्मांनी नव्हे) वाचूनही ते जात नाही. जक्कयाच्या घरी येशू आधी गेला, चौपट परतफेडीची भाषा त्यानंतर आली. हा क्रम उलटला की सगळंच बिघडतं. पण उलट बाजूने, 'क्षमा झाली ना, मग हातउसने कशाला फेडू?' असं विचारणाऱ्याला काय सांगता?

दुसरं, उघड कबुली. आठ-दहा जणांत कोणी घरातलं बोललं की ते दुसऱ्या दिवशी गल्लीभर. त्यापेक्षा पाच मिनिटं मौन आणि ज्याला हवं त्याने पाळकांना एकट्याने भेटावं, हे बरं वाटतं. कुणी करून पाहिलंय का? मौनात लहान मुलांचं काय करता?

शेवटी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा एखादा अभंग घ्यायचा आहे. त्यांचा 'देवाचा दरबार' हा भक्तसमाज साताऱ्याचाच. पश्चात्तापावरचा, पेटीशिवाय टाळांवर जमेल असा कोणता?