आपला प्लॅन आणि देवाची योजना: तुमचे अनुभव लिहा (शेवट गोड नसला तरी चालेल)

नगरची_चिमणी

जय ख्रिस्त मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं पण धीर होत नव्हता, कारण आपल्याकडे चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहिलं की शेवट गोडच करावा लागतो. नोकरी गेली पण दुप्पट पगाराची मिळाली, गाठ होती पण रिपोर्ट नॉर्मल आला, हालेलुया, बसा खाली. ज्यांचं तसं काही झालं नाही ते मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवतात. मी मागच्या बाकावरची.

२०१३ ला माझं लग्न ठरलं होतं. चर्चमध्ये दोन रविवार लग्नाची घोषणा वाचून झाली, तिसरी वाचायच्या आधी शुक्रवारी मुलाकडून फोन आला, नको म्हणून. कारण सांगितलं नाही. चारशे पत्रिका छापलेल्या, त्यातल्या साठेक वाटून झालेल्या आणि पत्रिकेवर वरती ठळक अक्षरात बायबलमधलं यिर्मया २९:११, तुमच्या हिताच्या योजना वगैरे, हे वचन मीच निवडलेलं. आता या पत्रिकांचं करायचं काय? आई रद्दीत टाकू देईना, वचन छापलंय म्हणे, त्याच्यात वडे बांधतील लोक. मग त्या फडताळात राहिल्या आणि हळूहळू त्यांच्या कोऱ्या पाठीवर किराणाची यादी लिहायला लागलो. दोन वर्षं पुरल्या. दुकानात उभी राहून मी वाचायचे, तूरडाळ एक किलो, साबण चार, काडेपेटी, आणि कार्ड उलटं झालं की हिताच्या योजना.

लोक अजून विचारतात, मग तो मुलगा दारुडा निघाला असेल ना? देवाने वाचवलं ना तुला? नाही हो. चांगला आहे तो, दोन मुलं आहेत त्याला, संडे स्कूल घेतो. मी ३८ ची आहे, लग्न झालेलं नाही, हायस्कूलला शिकवते. आणि तरी देवावर विश्वास आहे, तो कसा आहे हे मला नीट सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारतेय. तुम्ही कसं केलंत? जमलं नसेल तर तेही लिहा.

जुना_करार

ताई, धागा आवडला. त्या वचनाबद्दल थोडं लिहितो, राहवत नाही म्हणून. ते लग्नपत्रिकेवर, कॅलेंडरवर, मोबाईलच्या कव्हरवर सगळीकडे असतं पण त्याच्या आधीचं दहावं वचन कुणी छापत नाही. हे यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहूदी लोकांना, आणि दहाव्यात लिहिलंय सत्तर वर्षं झाल्यावर तुमच्याकडे वळेन. सत्तर! ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातले बहुतेक तिथेच मातीत गेले असणार. आणि तोपर्यंत काय करायचं तर पाचव्या वचनात आहे, घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. म्हणजे सामान बांधून दाराशी बसू नका. मला तरी तुमच्या किराणाच्या याद्या त्या पाचव्या वचनासारख्याच वाटल्या.

सुकेळी

मी वसईचा. माझा प्लॅन असा होता की ४५ पर्यंत गल्फ, मग परत येऊन बंगला, खाली दोन गाळे भाड्याने. अकरा वर्षं तिकडे काढली. मार्च २०२० ला २१ दिवसांच्या सुट्टीवर आलो आणि विमानं बंद झाली, मग कंपनीने कॉन्ट्रॅक्ट रिन्यू केलं नाही. बंगला जोत्यापर्यंत आलेला, सळया वर निघालेल्या, तशाच गंजत उभ्या.

घरात बसून मी वेडा व्हायची वेळ आली होती. बाबा वाडीत जायचे, एक दिवस म्हणाले चल, मोबाईल ठेव इथे. आमच्याकडे राजेळी केळी आहेत, बाबा त्याची सुकेळी करायचे आणि मी लहानपणी ते काम टाळायचो कारण त्यात नुसतं थांबायचं असतं. केळं पूर्ण पिकू द्यायचं, सोलायचं, उन्हात मांडायचं, फिरवत राहायचं, संध्याकाळी सगळं आत घ्यायचं, सकाळी परत बाहेर. आभाळ आलं तर पळापळ. घाई केली तर आत ओलं राहतं आणि बुरशी धरते. बाबा हाताने दाबून सांगायचे, हे झालं, हे नाही झालं. मला अजून तेवढं कळत नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात बाबा गेले. मी घरी होतो, रात्री जपमाळ म्हणताना त्यांचा हात माझ्या हातात होता. आता नातेवाईक म्हणतात बघ, देवाने तुला म्हणूनच परत आणलं. मी मान हलवतो पण मला ते पटत नाही. मला बाबांजवळ राहता यावं म्हणून जगभर एवढी माणसं गेली का? असा हिशोब मी देवाच्या नावावर लिहिणार नाही. मी एवढंच म्हणतो की मी आलो आणि इथे देव होता. आमच्या फादरांनी एकदा प्रवचनात सांगितलेलं, प्रेषित पौलाला जायचं होतं बिथुनियाला, पवित्र आत्म्याने जाऊ दिलं नाही, स्वप्नात मासेदोनियाचा माणूस बोलवायला आला म्हणून हा गेला फिलिप्पीला आणि तिथे काय मिळालं, फटके आणि तुरुंग. देवाच्या योजनेनेच गेलेला माणूस!

बंगला अजून तसाच आहे बरं का. सळयांवर कपडे वाळत घालतो.

प्लॉट_नं_१४

हसू नका. मला देवाने प्लॉट घ्यायला सांगितलं होतं. म्हणजे एका सभेत बाहेरून आलेल्या सेवकाने माझ्याकडे बोट करून भविष्यवाणी केली की या भावाला प्रभू जमीन देणार आहे. आणि मी आधीपासून हायवेलगतच्या एका प्लॉटवर डोळा ठेवून होतो. झालं. पीएफ काढला, सोसायटीचं कर्ज घेतलं, मिसेसच्या पाटल्या-बांगड्या गहाण. ती एकच वाक्य बोलली, अहो देवाने तुम्हाला सांगितलं का तुम्ही देवाला सांगितलं? मी म्हणलं तुझा विश्वास कमी आहे. पुढे कळलं जमीन एनए (बिगरशेती) नाहीच, एकच प्लॉट तिघांना विकलेला. सहा वर्षं कोर्टात चाललंय.

वर जुना_करार यांनी यिर्मयाचं काढलं म्हणून सांगतो, त्याच्या आधीचा अध्याय वाचा. हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता दोनच वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना काय आवडणार, दोन का सत्तर? मला हनन्या आवडला, दुसरं काय. तो सेवक नंतर फोन उचलत नव्हता पण खरं सांगू का, त्याने प्लॉट नंबर सांगितलाच नव्हता, तो मी घातला.

आता मी मागणं वेगळं करतो. आधी मिसेसला विचारतो.

ऑटोक्लेव्ह

सुकेळी दादा, सळयांवर कपडे वाचून हसले आणि रडले पण.

माझं असं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, ताप आला मोठा, तो उतरला पण डावा कान गेला आणि उजवा अर्धाच राहिला. कुणाला सांगितलं नाही. बीपी घेताना स्टेथोमध्ये ठोका कधी सुरू झाला कधी थांबला ऐकूच येईना, मग मी पाऱ्याची थरथर बघून अंदाजाने आकडा लिहायचे. तीन आठवडे चालवलं. मग एका सिस्टरने माझ्यानंतर त्याच पेशंटचं बीपी घेतलं आणि चार्ट बघून माझ्याकडे नुसतं बघितलं. ओरडल्या नाहीत. मला तेव्हा पण लाज वाटली आणि आता लिहिताना पण वाटतेय, त्या माणसाला काही झालं असतं तर?

कोर्स सुटला. मी देवाशी बोलणं बंद केलं, खरंच बंद, जेवणाआधीची प्रार्थना पण ओठ हलवून. माझी आजी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, केडगावला (दौंडजवळचं हां, नगरचं नव्हे). ती मला रमाबाईंचं सांगायची. बाई १८८३ ला इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टरी शिकायला, आणि कानामुळे ते झालं नाही. हे आपल्याला शाळेच्या धड्यात कुणी सांगत नाही. परत येऊन १८८९ ला शारदा सदन ही विधवांसाठी शाळा, मग दुष्काळातल्या मुलींना आणून केडगाव. मी आजीवर चिडायचे, मी काय रमाबाई आहे का? मी कुठे शेकडो मुली सांभाळणार? मग एकदा आजीने पुढचं सांगितलं. मुलगी मनोरमा, आईचं काम तीच पुढे नेणार असं सगळ्यांनी धरलेलं, ती १९२१ ला आधी गेली आणि बाई नंतर काही महिन्यांनी, १९२२ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे म्हातारपणी परत एकदा प्लॅन मोडला आणि या वेळी त्याचं पुढे काय चांगलं झालं हे बघायला त्या राहिल्या पण नाहीत. आजी म्हणाली, आणि काम चालूच राहिलं गं. एवढंच.

आज मी एका हॉस्पिटलमध्ये सीएसएसडीत आहे, जिथे ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करतात. धुवायची, मोजायची, कापडात बांधायची, मशीनमध्ये लावायची. बंडलावर एक पट्टी लावतात, वाफेत तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. मग बंडल वर जातं ऑपरेशन थिएटरमध्ये. पेशंट कोण, वाचला का, मला कधीच कळत नाही. फक्त रेघा आल्या की नाही ते बघायचं. ऐकू यावं लागत नाही. अजूनही वॉर्डातून जाताना पोटात तुटतं, खोटं कशाला बोलू.

निनावी

फक्त वाचत होतो. लिहू का नको.

आमचं बाळ ११ दिवसांचं गेलं. तिसऱ्या दिवशी घरात माणसं, आणि प्रत्येक जण जाताना बायकोच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा देवाची योजना असते, देवाला फूल आवडलं. ती गप्प. सगळे गेल्यावर मला म्हणाली तो देव असेल तर मला भेटायचं नाही. आमचे पाळकसाहेब आले ते काही बोललेच नाहीत. बसले. मग उठून सिंकमधले कप विसळले, पंधरा-वीस तरी असतील, पालथे घातले आणि गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, परत कप. बायबलमधल्या दुःखात पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस तोंड न उघडता त्याच्याजवळ बसले होते तोवर ठीकच होते की, बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

आम्ही अजून चर्चला जातो. ती भजनाला उभी राहते, गात नाही. मी तिला गा म्हणत नाही. कृपा करून मला खाली कुणी वचन टाकू नका.

नगरची_चिमणी

निनावी, नाही टाकणार. तुमच्या बाजूच्या बाकावर बसलोय असं समजा.

एसटी_रिटायर

टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या, नातवाने ॲप टाकून दिलंय. ३४ वर्षं एसटीत कंडक्टर. रिटायर झाल्यावर आमच्या हिला घेऊन फिरायचं ठरवलेलं, पास होता ना. वेळापत्रकाच्या वहीत मी रूट पण लिहून ठेवलेले, महाबळेश्वर, तारकर्ली, गोव्याला जुनी चर्चेस. मी रिटायर झालो मे मध्ये आणि दिवाळीत ती भाजीवाल्याकडून घरी यायचा रस्ता विसरली.

आता आठ वर्षं झाली. मला ओळखते कधी कधी, कधी म्हणते कंडक्टर, मास्तरवाडी आली की सांगा. मी म्हणतो हो ताई, बसा, अजून वेळ आहे. पहिल्यांदा फार रडलो होतो, आता नाही. तुम्ही विचारताय देवाच्या योजनेवर भरवसा कसा ठेवला. मी ठेवलाच नव्हता, मी भांडलो. रूटची वही फाडली सुद्धा. पण रात्री प्रार्थना चुकवली नाही, सवय म्हणून म्हणा.

गंमत अशी की तिला मुलांची नावं आठवत नाहीत पण प्रभूची प्रार्थना येते, अख्खी, न अडखळता. मी सुरू केली की ती डोळे मिटून बरोबर म्हणायला लागते. जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे मी म्हणताना माझा आवाज बसतो, तिचा बसत नाही, ती पुढे जाते. आणि आमची रोजची भाकर आज आम्हांस दे इथे आली की रोज थांबते, डोळे उघडते आणि मला विचारते, अहो, भाकरी टाकायच्या राहिल्या का?

मी म्हणतो झाल्यात, झाकून ठेवल्यात. मग ती परत डोळे मिटते आणि उरलेली प्रार्थना पुरी करते.