मदत हवी आहे: चाळीचा सेट मापात आहे, पण चाळ वाटत नाही

नमस्कार मंडळी,

धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मी मूळची ठाण्याची, चरईतली. आता ऐरोलीत असते. नोकरी सांभाळून चार मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म करतेय. आजी, नात आणि पावसात अडकलेलं मांजर, सगळं आमच्या जुन्या चाळीत घडतं. चाळ यंदा पाडली. त्याआधी मी आणि दादा टेप घेऊन गेलो होतो. खोली दहा बाय बारा, गॅलरी साडेतीन फूट, मोरीचा कट्टा नऊ इंच. कठड्याच्या नक्षीवर कागद ठेवून पेन्सिलीने छापसुद्धा उमटवून आणला. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सगळं तंतोतंत उभं केलं.

आणि कॅमेरा लावला तर काड्यापेटी! ५० एमएम लेन्सला आजी उभी राहिली की एकतर डोकं कापलं जातं, नाहीतर पाय. २० एमएमच्या रुंद लेन्सला सगळं मावतं, पण कॅमेरा जरा खाली झुकवला की दाराच्या चौकटी कलंडतात. समोरची भिंत काढून लांबून बघितलं तर थेट गडकरी रंगायतनमध्ये बसल्यासारखं वाटतं. गॅलरीची वेगळीच रड. लहानपणी तिथे पकडापकडी खेळायचो, मैदानाएवढी होती हो ती!

'स्पिरिटेड अवे' या जपानी अ‍ॅनिमेशन सिनेमामधली (२००१) बॉयलरच्या खोलीतली खणांची भिंत आठवते? ती सुचली तोक्योच्या कोगानेइमधल्या वास्तू-संग्रहालयात जपलेल्या एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानावरून. दुकानात खण भिंतभर आहेत, सिनेमात ते मान वर करून बघावे लागतील इतके चढत जातात. म्हणजे एक गोष्ट उचलली आणि बेधडक ताणली. माझा हात तिथेच अडतो. दादा आर्किटेक्ट. तो म्हणतो, गॅलरी पाच फूट केलीस की चाळ संपली, हॉटेलचा कॉरिडॉर झाला. समोरून कोणी आलं की अंग चोरावं लागतं, तीच तर चाळ. पटतं मला ते.

मग रुंदी तशीच ठेवून लांबी दीडपट करू का? की माप न बदलता कॅमेराच नातीच्या डोळ्यांच्या उंचीवर, कठड्याच्याही खाली आणू? आणि चौकटींसाठी कॅमेरा न झुकवता लेन्स शिफ्ट (कॅमेरा सरळ ठेवून नुसतं दृश्य वर-खाली सरकवणं) वापरलं तर आजीचा चेहरा कडेला ताणला जाईल का? कोणी केलं असेल तर सांगा.

रेंडर (सेटचं तयार चित्र) पहिल्या प्रतिसादात टाकते. मांजराला हसू नका, त्याचं रिगिंग (हलवण्यासाठी आतला सांगाडा बसवणं) बाकी आहे.