प्रक्षोभक, चिथावणीखोर, प्रचारपट : एकच का?

सिनेमा बघून डोकं तापलं की लोक त्याला प्रचारपट म्हणून मोकळे होतात. कुणी प्रक्षोभक म्हणतं, कुणी भडक, कुणी चिथावणीखोर. हे सगळं एकच का? आणि प्रोपगंडाला नुसतं प्रचार म्हटलं तर चालेल का, कारण प्रचार तर आपण साक्षरतेचाही करतो.

–

शेवटचं आधी सांगतो. प्रचार मराठीत वाईट नाहीच, खटकतं ते 'प्रचारकी', म्हणजे निष्कर्ष आधी ठरवायचा आणि मग त्याला पात्रं चिकटवायची. प्रोपगंडा शब्दही आधी साधाच होता, 1622 साली पोपने धर्मप्रसारासाठी मंडळ काढलं त्याच्या लॅटिन नावातून आलाय.

भडक म्हणजे नुसतं रंग, अभिनय, आवाज जास्त. प्रक्षोभक म्हणजे बघणाऱ्याच्या मनात क्षोभ होतो, तो दुष्काळावरच्या खऱ्याखुऱ्या माहितीपटानेही होईल. पण चिथावणीला कर्ता लागतो. कोणी, कोणाला, कोणाविरुद्ध, हे तिन्ही सांगता आलं पाहिजे.

1940 चा जर्मन 'ज्यू झ्यूस' घ्या, हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याच्या मंत्रालयाने करवून घेतलेला. शेवटी त्यातल्या मुख्य ज्यू पात्राला पिंजऱ्यात घालून उंच फासावर चढवतात, वरून बर्फ पडतोय, आणि मग हुकूम वाचतात की सगळ्या ज्यूंनी तीन दिवसांत निघून जायचं. एसएस म्हणजे नाझींची सशस्त्र संघटना, तिचा प्रमुख हिमलर, त्याने एसएस आणि पोलिसांना हा सिनेमा बघायलाच लावला. ज्यांच्या हातात बंदूक त्यांनाच दाखवला, मग हेतूबद्दल काय शंका राहते?

–

पटलं. पण मग 1915 चा अमेरिकन 'द बर्थ ऑफ अ नेशन'? त्यामागे तर सरकार नव्हतं.

–

नव्हतं, म्हणून तर तो जास्त अस्वस्थ करतो. त्यात कू क्लक्स क्लानवाले, म्हणजे कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेतले लोक, तारणहार दाखवलेत, आणि मोडीत निघालेली ही संघटना त्याच वर्षी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात परत उभी राहिली, जळता क्रूसही पडद्यावरचाच उचलला, जुन्या क्लानमध्ये ती पद्धत नव्हती, पुढे तर भरतीसाठी हाच सिनेमा दाखवायचे. त्यामुळे राजकारणावर परिणाम करायला सरकारी पैसा लागतोच असं नाही. सरकारी प्रचारपट तो नव्हे, पण चिथावणी शंभर टक्के.

फक्त एक, '-खोर' बहुतेक माणसाला लागतो, भांडखोर, चुगलखोर, नफेखोर, मूळ फारसीत त्याचा अर्थ खाणारा. म्हणून 'चिथावणीखोर सिनेमा' लिहिताना मी दोनदा विचार करतो, कारण तो शब्द सिनेमापेक्षा करणाऱ्याला जास्त चिकटतो. हेतू ठाऊक नसेल तर मी 'चिथावणी देणारा सिनेमा' एवढंच लिहितो.